आवाज येऊन राहिला का जी?

भंडारा जिल्ह्यात कुठलाही कार्यक्रम ठरला की पहिला फोन बिछायत केंद्राला जातो. अध्यक्ष कोण, विषय कोणता, पाहुणे खरंच येणार की नुसतं हो म्हणाले, हे सगळं नंतर. आधी मंडप, खुर्च्या, सतरंज्या, माईक आणि जनरेटर. हा क्रम उगाच पडलेला नाही. तुमसरपासून लाखांदूरपर्यंत कार्यक्रमाचं भवितव्य वक्त्यापेक्षा बिछायतवाल्याच्या हाती जास्त असतं, हे आयोजकांना पुरतं ठाऊक आहे. वक्ता आला नाही तर दुसरा कोणी तरी बोलतोच. बोलणाऱ्यांचा तुटवडा आपल्याकडे कधीच नव्हता. खुर्च्या आल्या नाहीत तर मात्र सगळं अडतं.

करोनाच्या वर्षांपासून या यादीत एक ओळ वाढली आहे. ती म्हणजे 'लिंक'. निमंत्रणपत्रिकेत 'आपले विनीत'च्या खाली काळ्या ठिपक्यांचा एक चौकोन छापलेला असतो आणि त्याखाली बारीक अक्षरांत, 'जे प्रत्यक्ष येऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी'. मला हा चौकोन आवडतो. पूर्वी पत्रिकेत फक्त 'हीच आग्रहाची विनंती' असायचं आणि न येणाऱ्यावर वर्षभर रुसायचा हक्क यजमानाकडे राखून ठेवलेला असायचा. आता न येणाऱ्याचीही सोय आधीच केलेली. औदार्यच म्हणायचं.

फक्त अडचण अशी की बहुतेक आयोजकांचं औदार्य तो चौकोन छापण्यापाशी संपतं. लिंक दिली म्हणजे माणूस आला, असं धरून चालतात. खुर्चीच्या बाबतीत असं कोणी धरत नाही. खुर्ची मांडणारा पोरगा तिच्यावरची धूळ झटकतो, दुपारचं ऊन तिथे सरकणार नाही ना ते बघतो, पंख्याखालच्या चार पाहुण्यांसाठी राखून ठेवतो आणि त्यावर येऊन बसलेल्या गावकऱ्यांना गोडीने उठवतो. लिंकवर बसणाऱ्याची खुर्ची मात्र कोणी मांडत नाही. तिला पंखा आहे का, तिच्यापुढे खांब तर आलेला नाही ना, हे पाहायला कोणी जात नाही.

आमच्याकडे या प्रकाराची खरी सुरुवात लग्नांनी केली. एप्रिल २०२१ मध्ये सरकारी आदेश निघाला की लग्नाला फक्त २५ माणसं, एकच सभागृह आणि दोन तासांत सगळं आटोपायचं. मोडलंत तर ५० हजार रुपये दंड. पंचवीस! आमच्याकडे नवरदेवाच्या गाडीत कोंबून बसलेली माणसंच कधीकधी त्याच्या जवळपास भरतात. मोठेबाबा, मोठीआई, मामा, आत्या, भाटवे आणि त्यांचे रुसवे, यांतून २५ निवडणं हे लग्न जमवण्यापेक्षा अवघड काम होतं. मग उरलेल्या सगळ्या गोताला यूट्यूबवर बसवण्यात आलं. गावातला शूटिंगवाला, जो आजवर लग्नानंतर तीन महिन्यांनी कॅसेट आणि पुढे पेनड्राइव्ह आणून द्यायचा, तो एका आठवड्यात थेट प्रक्षेपणाचा तज्ज्ञ झाला.

अशाच एका लग्नात मंगलाष्टकं सुरू झाली. मांडवात शेवटचं 'सावधान' झालं, अंतरपाट सरला, अक्षता पडल्या. पुण्यातल्या आत्याच्या टीव्हीवर त्या वेळी भटजी अजून आदल्या कडव्यातच होते. तेवढ्यात मांडवातल्या एका पोट्ट्याने व्हॉट्सअॅपवर फोटो टाकला, 'झालं लगन!' आत्याने लग्न झाल्याचं आधी वाचलं आणि मग लग्न पाहिलं. तरी हातातल्या अक्षता तिने तिच्या 'सावधान'लाच टाकल्या, टीव्हीवर. मुहूर्त कोणता खरा, भंडाऱ्याचा की पुण्याचा, यावर पुढे घरात बराच काळ चर्चा होत राहिली.

हा उशीर कोणाच्या आळसामुळे होत नाही, उलट जास्तीच्या काळजीपोटी होतो. यूट्यूब आलेलं चित्र तसंच पुढे ढकलत नाही. त्याचे काही सेकंदांचे तुकडे करतं, कमी-जास्त ताकदीच्या नेटसाठी त्यांच्या वेगवेगळ्या प्रती काढतं आणि पाहणाऱ्याच्या फोनला थोडा साठा आधी भरून घेऊ देतं, म्हणजे मधे खंड पडू नये. प्रक्षेपण लावताना हा उशीर कमी करायचे पर्यायही असतात, पण उशीर जितका कमी तितकी अडखळण्याची भीती जास्त. झूम, मीट असल्या सभांना ही चैन परवडत नाही, कारण तिथे समोरच्याला उत्तर द्यायचं असतं. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने संभाषणासाठी एक मर्यादा सांगितलेली आहे: आवाज एका बाजूने दुसऱ्या बाजूला १५० मिलिसेकंदांत पोचला तर बहुतेकांना काही जाणवत नाही, आणि ४०० च्या पुढे तर जाऊच देऊ नये. म्हणून 'कोणतं अॅप चांगलं' हा प्रश्न घेऊन कोणी आलं की मी उलट विचारतो, तुमच्या पाहुण्याला नुसतं पाहायचं आहे की बोलायचंही आहे? आत्याला अक्षता टाकायच्या होत्या. तिला पाहुण्यांत धरायचं की वऱ्हाडात, हे आधी ठरायला हवं होतं. वऱ्हाडात धरलं असतं तर तिला यूट्यूबवर बसवलंच नसतं.

या शास्त्रातले आमच्या जिल्ह्यातले सर्वांत जुने जाणकार कलेक्टर कचेरीत सापडतात. 'साहेब व्हीसीत आहेत' हे वाक्य ऐकलं नाही असा अर्जदार भंडाऱ्यात विरळाच. आपण झूमचं नाव ऐकण्याच्या कितीतरी आधीपासून राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने जिल्ह्याजिल्ह्यांत व्हिडिओ कॉन्फरन्सिंगच्या खोल्या थाटल्या. सुरुवातीच्या काळात हा कारभार उपग्रहावरून चाले. तो उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंच, म्हणजे आवाजाला वर जाऊन खाली यायला पाव सेकंद लागणारच. त्याला कोणाचा इलाज नाही. मुंबईचा प्रश्न भंडाऱ्यात पोचायला पाव सेकंद, उत्तर परत जायला पाव. या अर्ध्या सेकंदात विचारणाऱ्याला वाटतं की जिल्ह्याला माहीत नाही. आणि तो तसा बघतोय हे दिसलं की जिल्ह्याला जे माहीत असतं तेही आठवेनासं होतं. आता ती वाट जमिनीखालच्या तारेने झाली आहे आणि अर्धा सेकंद गेला आहे. न आठवण्याचं कारण नवीन शोधावं लागतं.

व्हीसीच्या खोलीत एक गोष्ट मात्र पहिल्यापासून नीट आहे: तिथे एक माणूस फक्त यंत्रापाशी बसतो. त्याला अजेंड्याशी देणंघेणं नसतं. आवाज जातो का, येतो का, चौकोनात साहेब आहेत की साहेबांमागची भिंत, एवढंच तो पाहतो. मोठमोठ्या शहरांत हेच काम करणाऱ्या कंपन्या आता लाखांची बिलं लावतात. आमच्याकडे तो माणूस मागच्या खुर्चीवर बसून असतो आणि बैठकीच्या इतिवृत्तात त्याचं नाव कधी येत नाही.

आता आवाजाविषयी. चित्र अडकलं तर लोक थांबतात. वक्त्याचा हात वर, तोंड उघडं, डोळे अर्धवट मिटलेले, अशा अवस्थेत तो गोठला तरी लोक हसून वाट पाहतात. आवाज फाटला की निघून जातात. म्हणून ज्याच्याकडे पैसे थोडे आहेत त्याने कॅमेऱ्याच्या आधी माईक घ्यावा. पण आमच्याकडे होतं काय, तर स्टेजसमोर तिपाईवर एक मोबाईल उभा करतात आणि म्हणतात, झाली लिंक चालू. तो मोबाईल बिचारा वक्त्याचा आवाज ऐकतच नाही. त्याला ऐकू येतो तो भोंग्यातून बाहेर पडून समोरच्या शाळेच्या भिंतीवर आपटून परत आलेला आवाज, शिवाय जनरेटरची घरघर, पहिल्या रांगेतल्या बाळाचं रडणं आणि त्याला गप्प करणारी आजी. सभेतला माणूस यातलं नको ते कानाआड करतो, कारण त्याला दोन कान आहेत आणि मधे मेंदू आहे. मोबाईलला सगळेच सारखे. उपाय साधा आहे. साऊंडवाल्याच्या मिक्सरमधून एक वायर थेट मोबाईलला किंवा लॅपटॉपला द्यायची. ही वायर साऊंडवाल्याकडे असते, कोणी मागत नाही एवढंच.

आणि ही वायर दिली की दुसरं संकट उभं राहतं. पलीकडचा पाहुणा बोलू लागतो, त्याचा आवाज सभेच्या भोंग्यातून येतो, भोंग्यातून माईकमध्ये शिरतो, माईकमधून परत त्याच्याकडे जातो. त्याला स्वतःचंच बोलणं क्षणभर मागून ऐकू येतं. आपलं बोलणं असं उलटून ऐकू आलं की मोठमोठे वक्ते चाचरतात, सावकाश होतात, शेवटी थांबतात. साऊंडच्या धंद्यात यावरच्या तोडग्याला मिक्स-मायनस म्हणतात. म्हणजे पलीकडच्याकडे सभेतले सगळे आवाज पाठवायचे, फक्त त्याचा स्वतःचा वजा करून. मी हे एका साहित्यिक मित्राला समजावून सांगितलं तेव्हा तो म्हणाला, 'अरे, मग हे यंत्र आमच्या संमेलनाला बसवा. प्रत्येकाला सगळ्यांचे आवाज आणि फक्त स्वतःचा वजा. पण मग कोणी येणार नाही.'

नेटची कथा वेगळीच आहे. ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतूची तार नेण्याची केंद्राची योजना २०११ सालची; तिलाच पुढे भारतनेट असं नाव पडलं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि तार पोचण्याआधीच हवेतून नेट पोचलं. त्यामुळे गावात आज दोन्ही आहेत, आणि दोन्ही नसतातही. मुंबईहून कोलकात्याला जाणारा महामार्ग भंडारा, लाखनी, साकोली असा जिल्ह्याच्या मधोमध जातो. त्याच्या कडेला कुठलं ना कुठलं काम निघालेलं असतं आणि जेसीबीच्या फावड्याला जमिनीखालची तार आणि मुळी यांतला फरक कळत नाही. 'टावर नाही' हे वाक्य आमच्याकडे हवामानाच्या अंदाजासारखं सहज बोललं जातं.

त्यात बहुतेकांना एक गोष्ट ठाऊक नसते. नेट 'चांगलं चालते' असं गावकरी सांगतो तेव्हा तो खाली येणाऱ्या नेटबद्दल सांगत असतो. त्याने सिनेमा पाहिलेला असतो. कार्यक्रम दाखवायचा तर नेट वर जायला हवं, आणि घरगुती जोडण्या, मोबाईलचे टॉवर यांची रचना खाली देण्यासाठी केलेली असते. आमच्या मालगुजारी तलावांसारखंच आहे हे: येवा मोठा नि तुडूम, म्हणजे पाणी बाहेर सोडायची वाट, बारीक. स्वच्छ चित्र पाठवायला तीन-चार एमबीपीएस सलग वर जात राहायला हवेत, आणि सलग हा शब्द इथे महत्त्वाचा. सकाळी रिकाम्या मैदानात तपासलं तर मिळतात. संध्याकाळी त्याच मैदानात हजार माणसं हजार फोन घेऊन येतात आणि प्रत्येक जण आपापल्या परीने स्टेजचा व्हिडिओ कोणाला तरी पाठवत असतो. कार्यक्रम जितका यशस्वी, तितका तो बाहेर दिसण्याची शक्यता कमी. जाणकार लोक म्हणून दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं ठेवतात, मोठे लोक अनेक सिमं एका पेटीत बांधून एकच वाट करतात, आणि सगळ्यांत शहाणे लोक मोबाईलमध्ये कार्यक्रम चित्रित करून ठेवतात. मग लाईन गेली तरी दुसऱ्या दिवशी दाखवता येतो.

फुकटच्या झूमवर सभा ४० मिनिटांत बंद पडते, हे त्या कंपनीने आपल्याकडचे कार्यक्रम पाहून ठरवलेलं नसावं. आपल्याकडे ४० मिनिटांत दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ आणि पाहुण्यांचा परिचय एवढंच होतं. वक्ता उठतो, 'अध्यक्ष महोदय' म्हणतो, आणि लिंकवरचे लोक अंधारात. काहींच्या मते हीच त्या माध्यमाची सर्वांत मोठी देणगी आहे. मी त्यात पडत नाही.

परदेशी पाहुण्याचं प्रकरण तर घड्याळावर अडतं. आमच्या भागातली मुलं आता टेक्सासातही आहेत. इथले संध्याकाळचे सात म्हणजे तिथले सकाळचे साडेआठ, हे सगळ्यांनी पाठ केलेलं असतं. पण अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळ तासभर मागे करते आणि नेमके तेच दिवस आमच्या मंडयांचे. एका मंडईच्या उद्घाटनाला असाच एक भूमिपुत्र दोन शब्द बोलणार होता. तो अगदी वेळेवर साडेआठला कोट-टाय घालून आला. इकडे आठ वाजले होते आणि आभार चालले होते. माईक त्याच्याकडे वळवला तेव्हा त्याने प्रास्ताविकापासून सुरुवात केली.

मंडईचं नाव निघालं म्हणून सांगतो, कारण जे नागपूरच्या पुढे आले नाहीत त्यांना मंडई म्हणजे भाजीबाजार वाटते. दिवाळी-भाऊबीज झाली की झाडीपट्टीतल्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, गावागावांत मंडई भरते. दिवसा दुकानं, पाळणे, आणि दंडार, खडी गंमत अशा लोककला. घरोघरी पाहुणे, आणि त्या पाहुण्यांच्या गर्दीत उपवर मुलामुलींवर नजर ठेवून असलेल्या आत्या-मावश्या. रात्री नाटक. हे नाटक म्हणजे शहरातलं अडीच तासांचं नव्हे. जेवणं झाल्यावर सुरू होतं आणि कोंबडं आरवेपर्यंत चालतं. वडसा, म्हणजे देसाईगंज, इथे नाटक कंपन्यांच्या कचेऱ्या आहेत. तिथून तारखा ठरतात, मंडप ठरतो, नट ठरतात. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा मुंबईच्या बऱ्याच लोकांना या रंगभूमीचा पत्ता पहिल्यांदा लागला. आमच्याकडे साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकांनी इथल्या बोलीवर आणि लोककलांवर आयुष्य घातलं, तेव्हा ज्याला पत्ता हवा होता त्याला तो मिळण्यासारखा होता.

मला या नाटकांतली गोष्ट महत्त्वाची वाटते ती अशी, की इथला नट शेवटच्या रांगेकडे बघून बोलतो. शेवटची रांग म्हणजे खुर्च्यांमागे उभे असलेले, बैलबंडीवर बसलेले, शेकोटीपाशी घोंगडं पांघरून अर्धवट झोपलेले. त्यांच्यापर्यंत आवाज गेला नाही तर ते गप्प बसत नाहीत. 'आवाज!' अशी एकच आरोळी येते आणि राजा असो की खलनायक, तो माईककडे दोन पावलं सरकतो आणि वाक्य पुन्हा म्हणतो. हा सौदा सरळ आहे. मागच्याला ओरडता येतं म्हणून पुढचा ऐकतो.

लिंकवर बसलेला माणूस हा या मंडपातला सर्वांत शेवटच्या रांगेतला प्रेक्षक आहे, शेकोटीच्याही पलीकडचा. आणि त्याला ओरडता येत नाही. त्याला आपण आधीच म्यूट करून ठेवलेलं असतं. तो खाली चॅटमध्ये लिहितो, 'आवाज नाही'. मग दुसरा लिहितो, 'हो, आवाज नाही'. तिसरा नमस्काराची चित्रं पाठवतो, कारण तो आत्ताच आला आहे. मग पुन्हा, 'कोणी आहे का?' हे सगळं ज्या लॅपटॉपवर उमटतं त्याच्यासमोर कोणी नसतं, कारण लॅपटॉप लावणारा पोरगा अल्पोपहाराच्या बश्या वाटायला गेलेला असतो. कार्यक्रम संपल्यावर आयोजक आकडा बघतात आणि जाहीर करतात, ऑनलाइन इतके इतके लोक उपस्थित होते. तो आकडा बरोबर असतो. त्यांना काही ऐकू आलं का, याचा आकडा नसतो.

उलटी परिस्थितीही असते, दूरचा माणूसच मुख्य असतो आणि सभा त्याच्यासाठी जमलेली. डिसेंबर २०२१ मध्ये नाशिकला ९४ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. अध्यक्ष जयंत नारळीकर. प्रकृतीमुळे ते प्रत्यक्ष जाऊ शकले नाहीत आणि त्यांचं भाषण पडद्यावरून ऐकवलं गेलं. अध्यक्षच नाहीत यावर तेव्हा बोलणं झालं, थोडी नाराजीही झाली. मला त्या नाराजीची गंमत वाटते. ज्या माणसाने आयुष्यभर आकाशातल्या इतक्या जुन्या प्रकाशाचा अभ्यास केला की तो निघाला तेव्हा पाहणारं कोणी नव्हतं, त्याच्या बाबतीत आपण पुण्याहून नाशिकला चेहरा आला नाही म्हणून हळहळतो. शिवाय नारळीकरांची विज्ञानकथाही वाचकांसमोर पहिल्यांदा आली ती स्वतः अनुपस्थित राहून: १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, आपली आद्याक्षरं उलटी करून. तिला बक्षीस मिळालं. नाव नव्हतं, चेहरा नव्हता, गोष्ट पोचली.

आणखी मागे जायचं तर १२ नोव्हेंबर १९४७. त्या दिवशी दिवाळी होती. कुरुक्षेत्राच्या छावणीत फाळणीचे निर्वासित होते आणि गांधीजींना तिथे जाणं जमलं नाही. म्हणून ते दिल्लीच्या आकाशवाणी केंद्रात गेले आणि तिथून त्या लोकांशी बोलले. ज्याला यंत्रांचं कौतुक फारसं नव्हतं त्या माणसाने दूरच्या सभेसाठी यंत्र वापरलं. समोर एक पेटी, आणि पलीकडे सगळं गमावून बसलेली माणसं. आवाज पोचतो आहे का, हे विचारायची कसलीही सोय नव्हती. आजच्या वक्त्याला ती आहे आणि तो पहिली पाच मिनिटं तेच विचारण्यात घालवतो: 'आवाज येतोय का? माझा आवाज येतोय का?' आमच्याकडच्या बोलीत, 'आवाज येऊन राहिला का जी?' ज्याला येतो तो हो म्हणतो. ज्याला येत नाही त्याला प्रश्नही ऐकू गेलेला नसतो.

विदर्भात मात्र एक सभा अशी आहे जिला ना लिंक लागते ना भोंगा. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज ११ ऑक्टोबर १९६८ रोजी गेले, दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी. त्यांच्या पुण्यतिथीला मोझरीच्या गुरुकुंजात त्याच मिनिटाला मौन पाळतात. तिथे लाखोंनी माणसं जमतात आणि ज्यांना जाता येत नाही ती असतील तिथे उभी राहतात. धानाच्या बांधीवर, दुकानाच्या गल्ल्यापाशी, कुठेही. एकाच मिनिटाला, एका सेकंदाचाही उशीर न होता, कारण पाठवायचं काहीच नसतं. मिश्र पद्धतीच्या कार्यक्रमांवर व्याख्यानं देणाऱ्यांना मी हे उदाहरण सांगतो तेव्हा ते वहीत लिहून घेतात आणि विचारतात, यात एंगेजमेंट कशी मोजायची?

पण सगळे कार्यक्रम मौनाचे असू शकत नाहीत. मंडई तर नाहीच. म्हणून शेवटी पुन्हा बिछायतवाला, साऊंडवाला, मिक्सरची वायर, दोन सिमं, जनरेटरला डिझेल, आणि त्या लॅपटॉपसमोर बसणारा कोणीतरी, ज्याने चॅट वाचायची आणि गरज पडली तर भर सभेत उभं राहून ओरडायचं, 'आवाज!' एवढ्यात बहुतेक भागतं. महागड्या यंत्रांनी यापलीकडे जे साधतं ते साधतं, पण हा माणूस नसेल तर त्यांनीही साधत नाही. अडचण अशी की खर्चाच्या यादीत त्याचं नाव घालायचं म्हटलं तर कोणाला पटत नाही.

परवा एका गावात मंडईची बैठक होती. यादी वाचली गेली. मंडप मंजूर झाला, नाटक कंपनीचा बयाणा मंजूर झाला, साऊंडवर थोडी घासाघीस होऊन तोही झाला. मग कोषाध्यक्षांनी चष्मा वर केला.

'लिंकवर बसनारा मानूस, रुपये पाचशे. हे काय होय जी?'

'तिकडचे काय म्हनते ते तो वाचीन, काकाजी. आवाज नाई गेला त आपल्याले सांगन.'

'बसूनच राह्यते, मंग पैसे कायचे?'

'बसून राह्यते, पन त्याले नाटक नाई पाहाले भेटत. रातभर तिकडच्याइकडंच ध्यान ठेवा लागते.'

'रातभर?'

'हो जी.'

'म्हंजे मंडईत राहून मंडई नाई पाहाची? लावनी बी नाई?'

'नाई जी.'

कोषाध्यक्षांनी थोडा वेळ यादीकडे पाहिलं, पाचशेवर काट मारली आणि सातशे लिहिलं. 'जेवन बी द्या त्याले,' म्हणाले, आणि पुढचा विषय घेतला.